हाय प्रेशर

सव्वातीनला फोन वाजला तेव्हा
मी मोहोळच्या दूध केंद्रात
कंडेन्सरच्या नळ्यांतून ब्रश ओढत होतो.
बादलीत पांढरी भुकटी पडत होती.
आमच्याकडचं पाणी असंच,
नळीत शिरतं पाणी म्हणून
आणि आत बसतं दगड होऊन.

"तुळजापूर रोड, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
मशीन ट्रिप मारतंय. लवकर या, साहेब."

मशीन बंद असेपर्यंत मी साहेब.
चालू झालं की, "ए, बिल तिथं ठेव टेबलावर."

व्हॅनमध्ये गेज, पाने, नायट्रोजनचं नळकांडं,
गळती शोधायची साबणपाण्याची बाटली,
सासऱ्यांनी मागावर विणलेली शेवटची चादर
(मशीनखाली पाठ टेकायला तीच लागते),
कडक भाकरी, शेंगाची चटणी
आणि श्रीहरी येमूल.
श्रीहरी आकडे तेलुगूत मोजतो,
नट अडकला की कन्नडमध्ये शिव्या देतो,
माझ्याशी मराठीत वाद घालतो.

"मल्लूअण्णा, एवढी थंडी बनवतो आपण,
आपल्या वाट्याला का नाही बे?"

थंडी कुणी बनवत नाही, श्रीहरी.
उष्णता फक्त इथली उचलायची
आणि तिकडं नेऊन टाकायची.
हमालीच ती. पाठीवर पोतं दिसत नाही, एवढंच.

पॅनलवर लाल अक्षरं: हाय प्रेशर.
आत बेदाण्याची खोकी छातीपर्यंत रचलेली,
मालक दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघून
माझ्याकडं असं बघतो, जणू पारा मीच चढवतोय.
कूलिंग टॉवरवर चढलो. पंखा गप्प.
पट्टा तुटून चिंधीसारखा लोंबतोय,
खालचं पाणी चहाइतकं गरम.
बी त्रेपन्न नंबरचा पट्टा. रविवार. दुकानं बंद.
लतीफभाईंना घरून उठवलं,
त्यांनी लुंगीवरच शटर वर केलं.
श्रीहरी घेऊन येईपर्यंत नऊ वाजले.

टॉवरच्या मागं पत्र्याची खोली.
वॉचमन दस्तगीर तिथं राहतो, बायको आणि
चैत्रात झालेल्या पोरीसकट.
टॉवरची वाफ वारा पडला की
थेट त्यांच्या पत्र्यावर उतरते.
आज वाफ नव्हती. खोली गार वाटत असेल,
असं मला आपलं वाटलं.
पण पोर रडत होती,
मी पुली सरळ करेपर्यंत, पट्टा ताणेपर्यंत,
एका सुरात, थकून, पुन्हा.

दस्तगीर शिडीखाली आला.
"कवा चालू हुईल, सायब?"
मालकानं विचारायला पाठवलं का?
"न्हाई ओ. पोरगी झोपंना."
उकडतंय?
"उकडायचं काय. आवाज न्हाई न्हवं.
जन्मल्यापासनं कधी बंदच पडलं नव्हतं हे."

आधी पंप. मग टॉवरचा पंखा.
मग पाच मिनिटं थांबायचं, टायमर कुणाचं ऐकत नाही.
मी पेचकसाची मूठ कानाला लावली,
टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला.
एक ठोका, एक धक्का,
आणि ती जुनी, जाड घरघर सुरू झाली.
गेजचा काटा उतरायला लागला.

रिपोर्टवर लिहिलं:
पट्टा बदलला. नळ्यांत क्षार, महिन्याच्या आत सफाई हवी.
'शेरा' हा रकाना मी नेहमी कोरा सोडतो.
बराच वेळ पेन तिथंच धरून होतो.
टॉवरची वाफ पुन्हा पत्र्यावर बसली होती.
आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

घरी पोचलो तर गल्लीत लाईट गेलेली.
सगळी गच्चीवर झोपलेली, पंखे मेलेले,
पलीकडचा यंत्रमागही बंद.
चादर अंथरून पडलो.
अंगाला तेल, गंज आणि बेदाण्याचा गोड वास.
पहाटेपर्यंत झोप लागली नाही.
कुठंच काही वाजत नव्हतं.